पासष्टचा पाढा

अमरावतीच्या एका शाळेत मी पस्तीस वर्षे गणित शिकवले. मुलांकडून तीसपर्यंतचे पाढे घोकून घेतले, पावकी-निमकी म्हणवून घेतली. परंतु पासष्टचा पाढा ना कोणाला शिकवला, ना कधी स्वतः म्हटला. तो मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी पाठ करावा लागला, आणि तोही अमेरिकेतल्या एका किराणा दुकानात.

२०१७ च्या मे महिन्यात आम्ही उभयता मुलाकडे न्यू जर्सीला गेलो. पाहुण्या आईवडिलांना त्या देशात एका वेळी साधारणपणे सहा महिने राहू देतात. सहा महिने हा मोठा चमत्कारिक काळ आहे. आठ दिवसांचा पाहुणा ताटात येईल ते गोड मानून घेतो आणि कायमचा रहिवासी तिथल्या रीतीने कमावतो, तिथल्या रीतीने खर्चतो. सहा महिन्यांचा माणूस मात्र ना पाहुणा, ना घरचा. त्याला मीठ कुठे ठेवले आहे ते ठाऊक असते, पण ते कोणाच्या पैशाने आले हेही तो विसरू शकत नाही.

आमच्या चार बॅगांत प्रत्येकी तेवीस किलो सामान होते. त्यात कपडे थोडे आणि संसार फार. लाल तिखट, काळा मसाला, मुंगवड्या, कुरोड्या, पापड, लिंबाचे जुने लोणचे. सौभाग्यवतींनी काटा आणून प्रत्येक बॅग चार वेळा तोलली होती. तुरीची डाळ तेवढी घेतली नाही, कारण मुलाने फोनवर बजावले होते, “आई, डाळ इथं मिळते. वजन वाया घालवू नका.”

पहिल्याच शनिवारी तो आम्हांला एडिसनच्या ओक ट्री रोडवर घेऊन गेला. ज्यांनी तो रस्ता पाहिलेला नाही त्यांना खरे वाटणार नाही, पण मैलभर चालत गेलो तरी साडीचे दुकान, सोनाराचे दुकान, मिठाईचे दुकान आणि किराण्याचे दुकान यांवाचून दुसरे काही दिसत नाही. दुकानात शिरताच हिंगाचा आणि उदबत्तीचा वास आला आणि मला आमच्या इतवारा बाजाराची आठवण झाली. फरक इतकाच की इथे कोणी ओरडत नव्हते आणि भाव करता येत नव्हता. प्रत्येक फळीवर किंमत चिकटवलेली, आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत एका पौंडाला काय पडते तेही लिहिलेले. गणिताच्या मास्तराला याहून मोठा मोह कोणता?

डॉलर त्या दिवसांत पासष्ट रुपयांच्या आसपास होता. पौंड म्हणजे चारशे त्रेपन्न ग्रॅम. मी फळीपुढे उभा राहून तोंडातल्या तोंडात हिशेब करू लागलो. भेंडी पौंडाला तीन डॉलर, म्हणजे किलोला चारशे तीस रुपये! ज्वारीच्या पिठाची लहानशी पिशवी चार डॉलर, म्हणजे दोनशे साठ! ज्वारीचे तर मला विशेष दुःख झाले. अमेरिका ही जगात सर्वांत जास्त ज्वारी पिकवणाऱ्या देशांपैकी एक. कॅन्सस राज्यात मैलोगणती ज्वारी उभी असते. पण ती जनावरांच्या खाद्यात जाते, इंधनासाठी आंबवली जाते, बोटींत भरून परदेशी पाठवली जाते. माणसाने भाकरी करायची म्हटली की तीच ज्वारी चैनीची वस्तू होते. आमच्या वऱ्हाडातही आता ज्वारीच्या जागी सोयाबीन आले आहे, तेव्हा दुसऱ्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

काही हिशेब उलटेही निघाले. दुधाचा गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, साडेतीन डॉलरला. लिटरला साठ रुपये पडले. अमरावतीपेक्षा दहा-बारा रुपयेच जास्त. अंडी डझनाला दीड डॉलर. कोंबडीचे तंगडीकडचे भाग तर आपल्याहून स्वस्त. जे यंत्राने, मोठ्या कारखान्यासारख्या गोठ्यांत आणि खुराड्यांत तयार होते ते तिथे स्वस्त. आणि जे हाताने तोडावे, निवडावे, जुडी बांधावी लागते ते महाग. अंबाडीची भाजी आंध्रच्या नावाने, ‘गोंगुरा’ म्हणून विकायला ठेवलेली दिसली. आमच्याकडे जिची जुडी मागितली तर भाजीवाली दोन जुड्या पिशवीत टाकते, तिला अडीच डॉलर! सौभाग्यवतींनी ती हातात घेतली, वास घेतला आणि माझ्या तोंडाकडे पाहून परत ठेवली.

बिल झाल्यावर मी ते मुलाच्या हातून मागून घेतले. आटा, डाळ, तांदूळ, भाजी यांवर न्यू जर्सीत विक्रीकर नाही. साबणावर आणि गोळ्या-चॉकलेटांवर आहे. ही गोष्ट मला आवडली. बिलाचा आकडा मात्र आवडला नाही. एकशे अठरा डॉलर. सात हजार सहाशे सत्तर रुपये! “एवढ्यात आपला तीन महिन्यांचा किराणा येतो,” असे मी गाडीत बसता बसता म्हणालो. मुलगा हसला. “बाबा, मला पगार रुपयांत मिळत नाही.”

त्याचे म्हणणे मला समजत नव्हते असे नाही. पण समजणे वेगळे आणि अंगवळणी पडणे वेगळे. पुढचे पाच-सहा आठवडे मी प्रत्येक शनिवारी एक वही घेऊन जाऊ लागलो. एका बाजूला डॉलर, दुसऱ्या बाजूला रुपये. यात मला बचतीचे काही शिकवावे असा हेतू होता, असे मी तेव्हा स्वतःला सांगत असे. आज वाटते, ज्या घरात आपला एकही पैसा चालत नाही त्या घरात आपलेही काही चालते हे दाखवण्याची ती एक केविलवाणी धडपड असावी.

एका शनिवारी सहा वर्षांची नात आमच्याबरोबर होती. तिने फळांच्या कपाटातून रासबेरीची एक लहानशी डबी उचलून टोपलीत ठेवली. मूठभर फळे असतील. किंमत चार डॉलर. मी काहीही बोललो नाही. फक्त सवयीने ओठ हलले असतील. तिने माझ्याकडे पाहिले, डबी उचलली आणि जागेवर नेऊन ठेवली. सूनबाईंनी विचारले, “का गं? तुला आवडतात ना?”

“नको,” ती म्हणाली, “आजोबांचा नंबर खूप मोठा होतो.”

सूनबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी न बोलण्याचे जे शिष्टपण दाखवले ते मला जास्त लागले. मी लगबगीने जाऊन डबी आणली, दोन आणल्या. पण मुलांना पुन्हा दिलेली वस्तू आणि पहिल्यांदा आनंदाने घेतलेली वस्तू यांतला फरक कळतो. त्या रात्री वही मी बॅगेच्या तळाशी टाकली.

वही टाकली तरी डोके थोडेच टाकता येते? डाळीच्या फळीपुढे मी अजूनही थबकत असे. त्याला कारण होते. माझे बालपण अकोल्यात गेले. वडील एका अडतीत दिवाणजी होते. संक्रांत सरली की तुरीच्या गाड्या बाजारात येऊ लागत. हर्रास होई, काटा होई आणि पोती डाळ मिलकडे जात. मिलच्या आवारात तुरीला तेलपाणी लावून उन्हात पसरत. सगळ्या गल्लीला त्याचा वास सुटे. शंभर किलो तुरीतून सत्तर किलोच्या आत-बाहेर डाळ निघे, राहिलेली चुनी गुरांना जाई. पिवळीधमक फटका डाळ वडील ओंजळीत घेत आणि म्हणत, “हे आपल्या अकोल्याचं सोनं आहे.” तेव्हा परदेशातल्या त्या दुकानात मी पाकीट उलटून पाहिले ते अकोल्याचे नाव शोधण्यासाठी. चार पौंडांचे पाकीट, सहा डॉलर. किलोला दोनशे पंधरा रुपये. आणि मागे लिहिले होते: मलावी.

घरी येऊन नातीच्या पृथ्वीगोलावर मी मलावी शोधला. आफ्रिकेच्या आग्नेय भागातला, समुद्र नसलेला एक चिंचोळा देश. तिथे तूर पिकते, तिची डाळ होते आणि ती न्यू जर्सीत येते. मग माझ्या अकोल्याची डाळ कुठे गेली?

ती कुठे होती हे मी निघण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. २०१५ साली तुरीच्या डाळीने किलोला दोनशे रुपयांपर्यंत उडी मारली होती. सरकारने बाहेरून डाळ आणली, मोझांबिकशी २०१६ मध्ये करार केला, आणि शेतकऱ्यांना म्हटले, तूर पेरा. त्यांनी पेरली. पाऊस चांगला झाला, विक्रमी पीक आले आणि भाव कोसळला. आधारभूत किंमत बोनससह क्विंटलला पाच हजार पन्नास होती. बाजारात चार हजारही मिळेनात. मग सरकारी खरेदी केंद्रांपुढे रांगा लागल्या. एप्रिल महिन्यात अकोल्याला नातेवाइकांना भेटून परतताना मी ती रांग पाहिली. ट्रॅक्टर, बैलगाड्या, छोटे ट्रक. ताडपत्रीखाली तूर आणि तिच्या शेजारी, गाडीच्या सावलीत, झोपलेली माणसे. बारदाना संपला म्हणून काटा बंद होता. एकाला मी विचारले, किती दिवस झाले? “अकरावा दिवस हाय, सर. वापस न्यावं त भाडं लागते, इथं रायावं त खायाले लागते.”

आणि तरीही ही तूर अमेरिकेत जाऊ शकत नव्हती, कारण २००६ पासून आपल्या सरकारने डाळींच्या निर्यातीवर, मोजके अपवाद सोडून, बंदी घातलेली होती. देशात डाळ कमी पडू नये हा हेतू. हेतू चांगला होता. पण ज्या वर्षी गरजेहून जास्त पिकले त्या वर्षीही दार बंदच राहिले. ते उघडले सप्टेंबर २०१७ मध्ये. तोवर शेतकऱ्याची तूर मिळेल त्या भावाने गेली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाहेरून येणाऱ्या तुरीवर मर्यादा घातली गेली, तेव्हा भारतावर भिस्त ठेवून तूर पेरणाऱ्या म्यानमारच्या शेतकऱ्याची तीच गत झाली. दिल्लीत एक कागद निघतो आणि कोणाच्या तरी अंगणातले पीक ओझे होते, मग ते अंगण दर्यापूरचे असो वा मंडालेचे.

जुलैमध्ये त्याच दुकानात एक तरुण भेटला. काउंटरपाशी उभा राहून तो टोपलीतून एकेक वस्तू काढून बाजूला ठेवत होता आणि फोनवर कोणाशी तरी बोलत होता. “काऊन बापा, अंडे घेतो ना. अंडे सस्ते पडते,” हे शब्द कानांवर पडले आणि मी जागीच थांबलो. वऱ्हाडाच्या बाहेर असे कोण बोलणार? तो अमरावती जिल्ह्यातला, दर्यापूरकडचा. एम.एस. करायला आलेला. चौघे जण मिळून एक घर, चौघांत मिळून एक तांदळाची पिशवी. बँकेचे शैक्षणिक कर्ज रुपयांत, व्याजही रुपयांत आणि खर्च डॉलरमध्ये. तो म्हणाला, “सर, मी हरेक गोष्टीले पासष्टनं गुणतो. हसते हे पोरं मले.”

मी त्याला हसलो नाही. माझ्या ध्यानात आले की आम्हां दोघांचा गुणाकार एकच असला तरी त्याचा खरा होता आणि माझा खोटा. माझ्या मुलाच्या घरचे डॉलर तिथेच कमावलेले आणि तिथेच खर्चायचे. त्यांना रुपयांत मोजणे म्हणजे विदर्भातल्या उन्हाने लंडनचा पारा वाचण्यासारखे. पण या मुलाच्या खिशातला प्रत्येक डॉलर खरोखरच पासष्ट रुपये देऊन विकत घेतलेला होता. त्याच्या पाढ्यामागे बापाचे शेत उभे होते.

बोलता बोलता कळले की वडिलांची वीस क्विंटल तूर त्या उन्हाळ्यात बरेच दिवस घरात पडून होती आणि शेवटी व्यापाऱ्याला द्यावी लागली. मी डाळीच्या पाकिटाकडे बोट दाखवले. “हा भाव वडिलांना सांगितलास?”

तो क्षणभर गप्प राहिला. “नाही सांगितला, सर. इचारलं होतं त्याईनं. मी म्हटलं, तिकडच्याच सारखा हाय. खरं सांगितलं असतं त त्याईले झोप नसती आली.”

त्या दिवशी त्याला आम्ही घरी जेवायला आणले. सौभाग्यवतींनी वरण, भात, मुंगवड्यांची भाजी आणि अंबाडीची भाजी केली. अंबाडीच्या चार जुड्या घेतल्या होत्या, आणि त्या कितीला पडल्या हे मला आजही ठाऊक नाही. वरण मलावीच्या डाळीचे होते. चवीला थोडे वेगळे असेल, पण त्या मुलाने तीन वेळा मागून घेतले. कुठल्या तरी परक्या शेतकऱ्याच्या घामाने आमची पंगत झाली, एवढे मात्र मनात आले.

यानंतर सहा वर्षांनी, २०२३ साली, आम्ही पुन्हा गेलो. डॉलर ब्याऐंशीवर पोहोचला होता. अमेरिकेतही २०२२ मध्ये घरी आणायच्या खाद्यपदार्थांचे भाव वर्षभरात सरासरी अकरा टक्क्यांहून अधिक वाढले होते. बर्ड फ्लूने कोंबड्या गेल्यामुळे अंडी मध्यंतरी दुप्पट-तिप्पट महागली होती. आता मुलगाच फळीखालचा पौंडाचा दर वाचत होता. त्यातच २० जुलैला भारत सरकारने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. बातमी दुपारी पसरली आणि संध्याकाळी भारतीय दुकानांपुढे रांगा लागल्या. एका कुटुंबाला एकच पिशवी, अशी पाटी लागली. चाकाच्या गाड्यांत दहा-दहा पिशव्या कोंबून निघालेले लोकही मी पाहिले. ती रांग पाहताना मला अकोल्याची रांग आठवली. तिथे धान्य होते, घेणारा नव्हता. इथे घेणारे होते, धान्य संपत होते. दोन्ही रांगा एकाच सरकारच्या कागदाने लागलेल्या. ती बंदी पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये उठली.

नात आता बारा वर्षांची झाली होती. रांगेत उभी असताना तिने खट्याळपणे विचारले, “आजोबा, एटी-टूनं गुणू का?”

“नको,” मी म्हणालो, “आता आपण भागाकार करू.”

मी तिला समजावून सांगितले. किंमत कोणत्या नाण्यात आहे याला फारसा अर्थ नाही. ती वस्तू घ्यायला माणसाला किती वेळ राबावे लागते हे पाहावे. न्यू जर्सीत त्या वर्षी तासाला किमान मजुरी चौदा डॉलर तेरा सेंट होती. चार पौंडांची डाळ नऊ डॉलर, म्हणजे किलोला साधारण पाच. तिने फोनवर आकडे मांडले. “एकवीस मिनिटं,” ती म्हणाली. तिथला अगदी कमी मजुरीचा माणूसही एकवीस मिनिटे राबून किलोभर डाळ नेऊ शकतो. मग ती म्हणाली, “आणि अमरावतीत?”

लहान मुलांचे प्रश्न सरळ असतात, म्हणून त्यांची उत्तरे अवघड असतात. मी म्हणालो, घरी गेल्यावर सांगतो.

नोव्हेंबरमध्ये परतलो. अमरावतीत तुरीची डाळ पुन्हा किलोला एकशे सत्तर झाली होती. आमच्याकडे भांडी घासायला ज्या बाई येतात त्यांना आम्ही महिन्याला आठशे रुपये देत होतो. रोजचा एक तास, महिन्याचे तीस तास. तासाला सत्तावीस रुपये होतात. एकशे सत्तरला सत्तावीसने भागले. सहा तासांहून अधिक. म्हणजे आमच्या घरची सहा दिवसांची भांडी घासावीत तेव्हा त्यांच्या घरी किलोभर डाळ शिजणार.

कागद पुढे घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो. पस्तीस वर्षे गणित शिकवले, सातासमुद्रापलीकडे जाऊन भेंडीच्या भावाने हळहळलो, शेतकऱ्याच्या तुरीसाठी मनातून रडलो. आणि स्वतःच्या मोरीपाशी हा साधा भागाकार कधी केला नाही. तोही मला करायला लावला तो एका बारा वर्षांच्या मुलीने. खरेदी केंद्राच्या रांगेतल्या शेतकऱ्याला भाव मिळाला नाही म्हणून मी सरकारला नावे ठेवत होतो. या घरातले सरकार मीच होतो.

सौभाग्यवतींना कागद दाखवला. त्यांनी तो वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, “मी दोन वर्षांपासून म्हणते आहे, वाढवा म्हणून. तुम्हीच म्हणत होता, सगळीकडे हाच रेट आहे.”

ते खरे होते. त्या महिन्यापासून आम्ही पैसे दुप्पट केले आणि महिन्याला दोन किलो डाळ वेगळी काढून ठेवू लागलो. बाईंनी पहिल्या वेळी पैसे मोजले, पुन्हा मोजले आणि चुकून जास्त आले असे समजून निम्मे परत करायला आल्या. मी म्हणालो, “बाई, हिशेब बरोबर आहे. आधीचा चुकला होता.”

रविवारी नातीचा फोन आला. तिने पहिला प्रश्न तोच विचारला. मी उत्तर सांगितले. पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग तिने विचारले, “सहा मिनिटं की सहा तास, आजोबा?”

“तास,” मी म्हणालो. “आता तीन झालेत.”